मदत हवी आहे: प्लगला लावायच्या अल्ट्रासोनिक यंत्राने उंदीर खरंच जातात का?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात तळमजल्यावर राहतो. ओट्याखालच्या ट्रॉलीत रोज सकाळी काळ्या लेंड्या सापडतात. परवा तर तांदळाची पिशवी कोपऱ्यात कुरतडलेली. घरात रांगतं बाळ आहे, त्यामुळे विषाच्या वड्या अजिबात नकोत. महिन्यापूर्वी हे यंत्र आणलं. चार दिवस शांतता, मग पुन्हा खुडबुड सुरू! यंत्राचा आवाज २० किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा असतो, भिंत किंवा कपाट आडवं आलं की पलीकडे पोचत नाही आणि उंदरांना त्याची सवय होते, असं वाचलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) तर २००१ मध्ये अशा यंत्रांनी उंदीर पळतात या दाव्यांबद्दल ६०हून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती. कुणाला महिनोन्महिने फरक पडलाय का? आणि सिंकच्या पाइपाभोवतीचं भोक कशाने बुजवलंत? सिमेंट की तारेची जाळी? कृपया अनुभव सांगा.