शब्दचर्चा : 'कुलमुखत्यार'मधलं 'कुल' कुठलं?

मूळ प्रश्न (पुण्याहून)

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली, आणि हळूहळू माणसं ओळखणंही गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या नावे रीतसर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून दिलं होतं. ते घेऊन मी बँकेत गेले. अधिकाऱ्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "आज वडिलांना हे समजतंय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागद घडी घालून परत दिला.

मला फार राग आला होता. माझ्या डोक्यात 'कुल' म्हणजे कुळ, घराणं. घराण्याच्या वतीने निवडलेला माणूस तो कुलमुखत्यार, मग बाबा आजारी पडल्यावरच तर त्याचा उपयोग! हा अर्थ बरोबर आहे का? आणि दुसरं, माणूस हयात आहे पण निर्णय घेऊ शकत नाही, या अवस्थेला मराठीत धड शब्द का सापडत नाही? 'अंथरुणाला खिळले' हे शरीराचं झालं. 'भ्रमिष्ट' म्हणवत नाही, आणि 'म्हातारचळ' तर माझ्या बाबांना मी कधीच म्हणणार नाही.

सांगलीहून (दस्तलेखनात उभं आयुष्य गेलेला)

ताई, हे 'कुल' संस्कृतातलं नाही. अरबीतलं 'कुल्ल' म्हणजे सगळं, सर्व. 'मुखत्यार'ही तिकडचाच: निवडलेला, अधिकार दिलेला. आपण रोज 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणतो ना, तो 'अखत्यार' याच घरातला. तेव्हा कुलमुखत्यार म्हणजे सर्वाधिकार दिलेला माणूस. एकाच कामापुरता असेल तर 'खास मुखत्यार'. जुन्या कागदांत 'वटमुखत्यारपत्र'ही आढळेल.

'सर्वाधिकार' म्हटलं की लोकांना वाटतं सगळे आणि कायमचे. कायम नाहीत. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 201 सांगतं की ज्याने अधिकार दिला तो वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, तर मुखत्यारी संपली. देणाऱ्याची समज हाच त्या कागदाचा प्राण आहे. बँकेने तुमचा अपमान केला नाही, कायदा सांगितला. पण त्या वेळी तुम्हाला काय वाटलं असेल ते समजतं. माझ्या टेबलासमोर अशी कितीतरी माणसं रडली आहेत.

एक फरक मात्र सांगून ठेवतो. माणसाला समजतंय, फक्त हात चालत नाही, तर बँकेत अंगठा चालतो. तोही उठत नसेल तर पायाचा अंगठासुद्धा घेतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हातातलं बळ जाणं आणि समज जाणं या कायद्याच्या लेखी अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

नाशिकहून

शब्दांवरूनच एक विचारते. मृत्युपत्र की इच्छापत्र? आमच्याकडे 'मृत्युपत्र' म्हटलं की आजी कानावर हात ठेवते. 'इच्छापत्र' म्हटलं की निदान ऐकून घेते.

सांगलीहून

दोन्ही चालतात, 'व्यवस्थापत्र'ही चालतं. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय याने काही अडत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या महत्त्वाच्या. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आजी ऐकत असतील तर खुशाल इच्छापत्र म्हणा.

आतले शब्द मात्र जपून वापरा. 'घर पत्नीस दिले' आणि 'पत्नीस तहहयात राहण्याचा हक्क दिला' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. 'तह' हा फारसी 'ता', म्हणजे पर्यंत. हयात असेपर्यंत. त्या एका शब्दाने आई घरात राहील, पण घर विकू शकेल का यावर भावंडं वर्षानुवर्षं कोर्टात उभी राहतात. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे विचारायला तेव्हा तो नसतो.

ठाण्याहून

'नॉमिनी' या शब्दानेही असाच घोळ केलाय. घरोघरी त्याचा अर्थ 'वारस' असा धरतात. बँकेत पैसे त्याच्या हाती देतात ते खरं, पण ते वारसांच्या वतीने सांभाळायला. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे 1983 सालीच सांगितलं, आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार, मुलं यांना नॉमिनी केलं तर रक्कम त्यांचीच होते. म्हणून 'नामनिर्देशित' हा अवघड वाटणारा शब्दच मला बरा वाटतो. नाव निर्देशित केलंय, मालकी दिलेली नाही, हे त्यात ऐकू येतं.

फोंड्याहून

आमच्या गोव्यात 'लेजितिमा' म्हणतात. पोर्तुगीज काळापासूनचा शब्द. मिळकतीचा अर्धा वाटा मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव, मृत्युपत्राने फक्त उरलेला अर्धा मनाप्रमाणे देता येतो. सावंतवाडीचे पाहुणे 'सगळं एकाच मुलाच्या नावावर करा' असा सल्ला देतात तेव्हा हा शब्द समजावून सांगावा लागतो.

आणखी एक. 'लिव्हिंग विल'ला वर्तमानपत्रं सरसकट 'इच्छामरण' लिहितात, ते मला खटकतं. इच्छामरण भीष्मांचं. इथे मरण मागितलेलं नाही. मी बोलू शकणार नाही तेव्हा माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते थांबवावेत आणि कोणी सांगावं, एवढंच त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. 2024 साली आमच्याकडे, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं पत्र केलं. मी 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणतो.

लंडनहून

इंग्लंडमध्ये मुखत्यारपत्राचा एक प्रकार, 'लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी', समज गेल्यावरच खरा कामाला येतो. आधी सरकारी कार्यालयात नोंदवावा लागतो. आईला फोनवर मराठीत सांगताना अडले. शब्दशः 'टिकाऊ मुखत्यारपत्र' होतं, ते प्लास्टिकच्या बादलीसारखं वाटतं. 'अखंड मुखत्यारपत्र' म्हणून वेळ निभावली. भारतात याला समांतर काय?

सांगलीहून

शब्द छान आहे, पण आपल्याकडे ती वस्तूच नाही. कोमात किंवा अशा अवस्थेत गेलेल्या माणसासाठी घरच्यांना उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो.

लहान मुलांची सोय आमच्या लिखाणात पूर्वीपासून आहे. सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' दिसतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे वयाने लहान. मूल सज्ञान झालं की ती नोंद काढतात. ज्याची समज उलट दिशेने गेली त्याच्यासाठी अशी तीन अक्षरं आमच्यापाशी नाहीत.

समज असण्याला मात्र खणखणीत शब्द आहे, आणि तो प्रत्येक दस्ताच्या शेवटी येतो: "हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवले असे." पक्षकार तो ऐकतही नाहीत, नुसती मान डोलावतात. मी वाचून दाखवताना तिथे थांबतो.

मूळ प्रश्नकर्ती

काका, हे वाचून बाबांचं कपाट उघडलं. मुखत्यारपत्राच्या शेवटच्या पानावर तेच आहे, 'अक्कलहुशारीने', आणि खाली त्यांची वळणदार सही. तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. तो शब्द कानावरून गेला होता.

'मतिभ्रष्ट', 'विकल मन' या शब्दांपेक्षा मला 'अक्कलहुशारी न राहिल्यास' फार बरं वाटतं. त्यात माणसाला नाव ठेवलेलं नाही, त्याच्याकडे काय होतं ते सांगितलंय.

काल आईशी बोलले. ती 71 वर्षांची आहे, रोज शब्दकोडं सोडवते. मी म्हटलं, "तू गेल्यावर काय, हे नंतर बघू. तुझी अक्कलहुशारी राहिली नाही तर काय, ते आधी लिहू." ती रागावली नाही. चष्मा पुसून म्हणाली, "मग आत्ताच लिही, आहे तोवर." तिच्या मुदतठेवी दोघींच्या नावे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करायला पुढच्या आठवड्यात बँकेत जाणार आहोत. तसं असलं की माझ्या एकटीच्या सहीने मुदतपूर्तीला रक्कम काढता येते, मुखत्यारपत्रावर अडून राहत नाही. मग वैद्यकीय इच्छापत्र. मृत्युपत्र तिसरं.

मसुद्यात एक जागा मोकळी ठेवलीय. तिच्या वतीने डॉक्टरांशी बोलणारी ती मी. तिला 'पालक' म्हणवत नाही, आईची पालक मी कशी? 'प्रतिनिधी' कोरडं वाटतं. कोणाच्या गावच्या जुन्या कागदांत याला वेगळा शब्द असेल तर कृपया कळवा.