मदत हवी आहे : आत्यासोबत बघायला कमी बोलणारे भयपट सुचवा

रातकिडा

नमस्कार मंडळी,

गणपती झाले की माझी आत्या मिरजेहून आमच्याकडे पुण्याला राहायला येतेय. वय पंचाहत्तरच्या पुढे, कान तिखट, झोप कमी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी तिने कोळून प्यायलेत. 'तुंबाड' २०१८ मध्ये थेटरात पाहिला, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा परत पाहिला. आता फोनवर फर्मान आलंय, "तू ते जपानी-कोरियन भुतांचे सिनेमे बघत असतोस ना, मलाही दाखव."

दाखवायला माझी काहीच ना नाही, उलट घरात जोडीदार मिळतोय. बायको असले सिनेमे लागले की उठून आत जाते. पण अडचण अशी की आत्या इंग्रजी वाचते ती सावकाश. सबटायटलच्या दोन ओळी वाचून होईतो माणूस खोलीबाहेर गेलेला असतो आणि त्याच्या मागे काय उभं होतं ते बघायचं राहून जातं.

हिंदी डबिंग तिला चालेल, मला सोसत नाही. भयपटात निम्मं काम आवाजाचं. 'जु-ऑन' या जपानी भयपटातल्या कायाको या भुताच्या घशातला तो करकराट खुद्द दिग्दर्शक ताकाशी शिमिझूने स्वतःच्या घशातून काढलाय. डबिंगवाले वर संवाद चढवतात आणि खोलीतली शांतता त्याखाली चेपून जाते. मग उरतं काय?

तर अटी अशा. संवाद कमी हवेत, किंवा असले तरी चुकले म्हणून बिघडू नये. रक्तामांसाचा चिखल नको. आत्या त्याला घाबरत नाही, कंटाळते. "हे खाटकाचं दुकान झालं, भूत कुठाय?" असं मागे एकदा विचारून झालंय. उघडेवाघडे प्रसंगही नकोत, ते माझ्यासाठी. त्यामुळे 'ओनिबाबा' बाद. १९६४ चा कानेतो शिंदोचा तो सिनेमा मला प्रचंड आवडतो, ते डोक्याएवढं गवत आणि तो खड्डा, पण आत्याशेजारी बसून नाही बघवणार.

माझी आवड कळावी म्हणून थोडं लिहितो. हॉलिवूडच्या बऱ्याच भुताटकीत घर नव्या मालकाचं असतं आणि भूत म्हणजे अतिक्रमण. पाद्री बोलवा, मंत्र म्हणा, जागा मोकळी करा. जपानी, थाई, कोरियन सिनेमात भूत म्हणजे जुनं कूळ. हक्क त्याचा आधीचा, आणि ते निघत नाही. आपण फार तर त्याचं ऐकून घेऊ शकतो, आणि ऐकून घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. हिदेओ नाकाताचा 'रिंगू' (१९९८) मला म्हणूनच अजून भारी वाटतो. त्यातल्या साडाको या भुताची ती चाल बघा. नटीला उलटं, झटके देत चालायला लावलं आणि फिल्म उलटी फिरवली. म्हणजे पडद्यावर ती पुढे येते, पण तिचं अंग मागे जाणाऱ्या माणसासारखं हलतं. डोक्याला कळत नाही काय बिनसलंय, पोटाला कळतं. २००२ चा अमेरिकी अवतार वाईट नाही, पण त्याला फार घाई आहे.

नाकाताचाच 'डार्क वॉटर' (२००२) मी पक्का केलाय. घटस्फोटाच्या कज्ज्यात अडकलेली आई, लहान मुलगी, भाड्याचा फ्लॅट आणि छतावर रोज वाढणारा ओला डाग. वरच्या फ्लॅटमधून गळतंय म्हणून तक्रार केली तर इमारतीचा माणूस दाद देत नाही. याला सबटायटल कशाला लागतंय? आपल्याकडे कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला कळेल.

आणखी काय दाखवू? आणि मराठी सबटायटल्सची काही सोय होते का?

आधीच धन्यवाद.

टकमक

'ट्रेन टू बुसान' (२०१६) दाखवा की. आगगाडी, मागे झाँबी, पुढे पळणारी माणसं. संवाद बंद केले तरी कळतो. शेवटी आत्या रडणार, लिहून ठेवा.

रातकिडा

टकमक, सिनेमा झकासच आहे. पण झाँबीबद्दल आत्याचं मत ठाम आहे : ती रोगराई, भूत नव्हे.

जास्वंदी

'क्वायदान'. डोळे मिटून.

मासाकी कोबायाशी, १९६४. पुढच्या वर्षी कान महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. लाफ्काडिओ हर्नने लिहून काढलेल्या जपानी भूतकथांवरच्या चार स्वतंत्र गोष्टी आहेत, एकूण तीन तासांच्या. एका दमात बघायचंच नाही, रोज रात्री जेवणानंतर एक गोष्ट. जवळजवळ सगळं सेटवर रंगवून उभं केलंय. बर्फातल्या बाईच्या गोष्टीत आभाळात चक्क डोळा रंगवलाय आणि तो खाली बघतो. अमेरिकेत सिनेमा लागला तेव्हा नेमकी हीच गोष्ट कापली होती म्हणे लांबी कमी करायला! त्यामुळे चारही गोष्टी असलेली प्रत बघून घ्या.

तुमच्या आत्यांना तिसरी गोष्ट आवडेल. होइची हा देवळात राहणारा आंधळा गवई. बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवत समुद्रावरच्या जुन्या लढाईचं आख्यान गातो. दान-नो-उराची ती लढाई ११८५ सालची, तीत हरलेलं आख्खं घराणं बुडालं. एका रात्री कुणी सरदार त्याला बोलवायला येतो, मोठ्या लोकांना ऐकायचंय म्हणतो. श्रोते कोण ते आंधळ्याला दिसत नाही, आपल्याला दिसतं. मग देवळातले भिक्षू त्याला वाचवायला त्याच्या अंगभर प्रज्ञापारमिता हृदयसूत्र लिहितात. कुंचला पापण्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून फिरतो तो प्रसंग नीट बघा. पुढचं सांगत नाही.

संवाद मोजके. तोरू ताकेमित्सूचं संगीत आहे, पण संगीत म्हणावं असं ऐकू येत नाही. लाकूड फुटल्यासारखं काहीतरी वाजतं आणि थांबतं. टीव्हीचा आवाज नीट ठेवा.

शेवटची_लोकल

'द वेलिंग' (२०१६) कुणीच कसा सुचवला नाही? ना होंग-जिनचा. डोंगरातलं खेडं, एक परका जपानी म्हातारा, गावात पसरणारा विचित्र आजार, देवऋषी बोलावून केलेला तो विधी... गेल्या वीस वर्षांत असा भयपट झाला नाही.

जास्वंदी

लोकल, सिनेमा थोर आहे, वाद नाही. पण अडीच तासांहून मोठा, त्यात रक्त भरपूर, आणि सगळी मेख कोण कुणाबद्दल काय बोलतो आणि त्यातलं खरं काय यात. संवाद चुकला तर काही उरत नाही. धागाकर्त्याच्या तीनपैकी दोन अटी मोडतोय तो!

शेवटची_लोकल

अटी मोडणारे सिनेमेच लक्षात राहतात हो. बरं, मग किम जी-वूनचा 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३) घ्या. कोरियातल्या दोन बहिणी आणि सावत्र आईच्या जुन्या लोककथेवर बेतलाय. सावत्र आई म्हटल्यावर आत्याबाई सरसावून बसतील. शेवट डोक्यावरून गेला तर मला बोलू नका, तो सगळ्यांच्याच जातो.

सांगलीचा_भडंग

इतके गंभीर काय झालात सगळे? मधे एक विनोदी पाहिजेच. 'मिस्टर व्हॅम्पायर', हाँगकाँग, १९८५. चिनी प्रेतं दोन्ही हात पुढे करून टुणटुण उड्या मारत येतात. श्वास रोखून धरला तर त्यांना आपण सापडत नाही. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थंड. विषावर उतारा म्हणून चिकट तांदूळ लागतो, तर दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो. भेसळीमुळे भुताचा उतारा लागू पडत नाही, हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

लाम चिंग-यिंगने केलेला तो जोडभुवयांचा मांत्रिक गुरुजी बघा. धारपांच्या भूतकथांतल्या समर्थांना जर दोन वेंधळे चेले मिळाले असते तर असंच झालं असतं.

मु_पो_बँकॉक

नोकरीनिमित्त इथे राहतो, म्हणून थाई बाजू मांडतो. सगळे 'शटर' (२००४) सांगतील. आहेच तो चांगला, आणि फोटो डेव्हलप होताना त्यात उमटणारं भूत बघायला भाषा लागत नाही. पण आत्यांसाठी 'नांग नाक' (१९९९), दिग्दर्शक नोंझी निमिबुत्र.

गोष्ट इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. नवरा लढाईवर जातो, मागे बायको नाक बाळंतपणात जाते. तो परत येतो तेव्हा घरात बायको आणि तान्हं बाळ दोघंही असतात. तो संसार करत राहतो, गाव सांगायचा प्रयत्न करतं, आणि जो सांगायला जातो त्याचं बरं होत नाही. एकदा लिंबू घरंगळून जमिनीच्या फटीतून खाली पडतं आणि ते उचलायला तिचा हात नुसता लांबत जातो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते हे आपल्याकडेही ऐकत आलोय, त्यामुळे आत्यांना पहिल्या दहा मिनिटांतच सगळं कळेल. पण ही हडळ कुणाला झपाटायला आलेली नाही. तिला नवऱ्याला जेवायला वाढायचंय.

तिचं ठाणं बँकॉकमध्ये वाट महाबुत देवळाच्या आवारात आहे. मी गेलोय. मूर्तीला सोन्याचा वर्ख लावतात, नवे कोरे पोशाख टांगलेले असतात, बाळासाठी खेळणी, आणि तिच्यासाठी टीव्हीसुद्धा. इथे सैन्यभरतीची सोडत असते : लाल चिठ्ठी आली की जायचं, काळी आली की सुटलो. सोडतीआधी पोरं तिच्याकडे नवस बोलायला येतात. नवऱ्याला लढाईवर नेलं म्हणून तिचा भरतीवर राग आहे, असा हिशेब.

याच कथेवरचा 'पी माक' (२०१३) विनोदी आहे आणि इथे तुफान चालला, पण तो आधी दाखवू नका. आधी रडवा, मग हसवा.

टकमक

यात शेवटी बौद्ध भिक्षू येऊन तिला

जास्वंदी

टकमक!! संपादन करा तो प्रतिसाद.

टकमक

केला की. अर्धाच ठेवलाय.

फुटका_फाँट

तांत्रिक उत्तर देतो. सबटायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो : क्रमांक, वेळ, ओळ. नोटपॅडमध्ये उघडते. इंग्रजी ओळ खोडून मराठी लिहायची, वेळेच्या आकड्यांना हात लावायचा नाही, आणि साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवायचं. ते राहिलं की प्रश्नचिन्हांची माळ दिसते. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावलात तर काही टीव्ही जोडाक्षरं मोडतात, मात्रा भलतीकडे जातात. त्यापेक्षा लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. अक्षरही मोठं करता येतं.

यंत्राकडून भाषांतर करून घेऊ शकता, पण तसंच्या तसं दाखवू नका. त्याला कोण बाई, कोण बुवा ते कळत नाही, आणि भूत एकदम 'आपण' म्हणून बोलायला लागतं.

पाचगणीची_थंडी

मी इराणकडे वळवते. 'अंडर द शॅडो' (२०१६), बाबक अन्वरीचा, भाषा फारसी, लांबी दीड तासाच्या आतच. १९८८ चं तेहरान, इराकशी युद्ध चालू, शहरावर क्षेपणास्त्रं पडतायत. शिदेहला राजकारणात भाग घेतला म्हणून वैद्यकीय शिक्षण पुरं करू देत नाहीत, डॉक्टर नवऱ्याला आघाडीवर धाडलंय, घरात ती आणि मुलगी. इमारतीवर एक क्षेपणास्त्र पडतं पण फुटत नाही, आणि त्यानंतर छताच्या भेगेतून जिन घरात आला असं शेजारी म्हणू लागतात.

एक प्रसंग सांगते, यात गोष्ट फुटत नाही. घाबरून ती रात्री मुलीला कडेवर घेऊन रस्त्यावर पळते. गस्तवाले मदत करायच्या ऐवजी डोक्यावर कापड नाही म्हणून तिलाच पकडून नेतात. घरात जिन, बाहेर हे. बाईने जायचं कुठे?

संवाद 'क्वायदान'पेक्षा जास्त आहेत, पण पहिला अर्धा तास तुम्ही शेजारी बसून सांगितलात तर पुढे गरज लागणार नाही. आवडला तर मग गिलेर्मो देल तोरोचा स्पॅनिश 'द डेव्हिल्स बॅकबोन' (२००१) दाखवा. तिथेही यादवी युद्ध, अनाथाश्रमाच्या अंगणात रुतलेला न फुटलेला बॉम्ब, आणि एक मुलगा ज्याचं कुणी ऐकून घेतलेलं नाही. तुमचं ते जुन्या कुळाचं म्हणणं आशियापुरतं नाही, एवढंच सुचवायचं होतं. थोडी मारामारी आहे, तेवढं आधी बघून घ्या.

जाता जाता, आत्यांना गोष्ट आधीच सांगून टाकली तर? धारप वाचणाऱ्या माणसाला काय होणार यापेक्षा कसं होणार यातच रस असतो.

रातकिडा

सगळ्यांचे आभार. आत्याला फोनवर यादी वाचून दाखवली. तिचे निर्णय येणेप्रमाणे : होइची पहिला. नाक दुसरी. 'डार्क वॉटर'ची गोष्ट ऐकून म्हणाली, तो दिवसा लाव, आमच्याही छताला ओल आलीय. उड्या मारणारी प्रेतं नातवंडं आली की. इराणचा सिनेमा तिने विचार करून "बघू" या खात्यात टाकलाय.

पाचगणी, तुमचं देल तोरोबद्दलचं मान्य, हॉलिवूड आणि बाकीचे अशी फाळणी मी जरा सरसकटच केली. पण गोष्ट आधी सांगायला तिचा साफ नकार आहे. "मग मी येतेय कशाला?" त्यामुळे फुटका_फाँट यांच्या सल्ल्याने 'क्वायदान'च्या मराठी ओळी मीच लिहायला घेतोय. होइचीला बोलवायला आलेल्या त्या सरदाराच्या तोंडी पेशवाई मराठी घालावी की साधी, यावर मत असेल तर जरूर द्या.

आणि 'नांग नाक' इंग्रजी सबटायटल्ससकट अधिकृतपणे कुठे मिळेल ते कुणाला ठाऊक असेल तर विपूत (विचारपुशीत) कळवा.