पशुपालकांकडे मुलाखतींना जातेय, काय चुकेल ते आधीच सांगा

टिपकागद

नमस्कार मंडळी. इथे शेती-पशुपालनात काम केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मी इंटरफेस डिझायनर. आजवर बँकेचे फॉर्म आणि दवाखान्यांच्या नोंदण्या सुटसुटीत करण्यात दिवस गेले. आता एका संस्थेसाठी उत्तर केन्यात, मार्साबिट कौंटीत, तीन आठवडे जायचंय. जुलैच्या शेवटी. उपग्रहावरून कुरणांची हिरवळ मोजतात ती माहिती आणि मोसमी पावसाचा अंदाज फोनवरून पशुपालकांपर्यंत कसा पोचवावा, हे शोधायचं आहे. २०२० च्या अखेरीपासून तिथे सलग पाच पावसाळे फसले आणि एकट्या केन्यात सुमारे २५ लाख जनावरं मेली, एवढं वाचून जातेय. बाकी पाटी कोरी.

माझ्याकडे ४२ प्रश्नांची यादी तयार आहे. त्यातले काही नमुन्यादाखल:

१. तुमच्याकडे किती जनावरं आहेत?
९. पावसाचा अंदाज फोनवर मिळाला तर वापराल का?
१७. अ‍ॅपमध्ये तुम्हाला काय काय हवं?

सोबत एक कच्चा नकाशाही नेणार आहे. चारा आहे तिथे हिरवा, कमी तिथे पिवळा, नाही तिथे लाल. तिघांना दाखवून पाहिला, तिघांनाही झटक्यात कळला. तिघेही ऑफिसातले, घरी मांजरसुद्धा नाही. म्हणूनच धाकधूक आहे. जुलै का, तर तेव्हा रस्ते कोरडे असतात असं सांगण्यात आलं.

झोडपा, पण जाण्याआधी झोडपा.

भाकडकथा

पहिलाच प्रश्न खोडा. आत्ता, हे वाचता वाचता.

मी त्या पट्ट्यात दोन कोरडे मोसम काढलेत, एक सीमेपलीकडे इथिओपियातल्या बोरानात आणि एक मार्साबिटमध्ये. तुमच्या यादीत ४२ प्रश्न आहेत, माझ्या यादीत ६० होते, आणि पहिला हाच. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारला त्यांनी सांगितलं, देवाने दिली तेवढी. मी चिकाटीने पुन्हा विचारलं. मग त्यांनी दुभाष्यामार्फत मला विचारलं, तुझा पगार किती? दुभाष्या, ड्रायव्हर, स्थानिक संस्थेचे दोघं, सगळे कान टवकारून बसलेले. मी गप्प. म्हातारबा हसले आणि चहा आला. जनावरं मोजून सांगणं म्हणजे परक्यासमोर पासबुक उघडणं, हे मला त्या चहाबरोबर कळलं.

त्याऐवजी हे विचारून पाहा: गेल्या दुष्काळात तुमचं पहिलं जनावर कोणतं गेलं? एवढंच विचारा आणि वही बाजूला ठेवा. रंग कोणता, कोणाच्या पोटची, कुठल्या पाणवठ्याहून परतताना बसली ती उठलीच नाही, सगळं येतं. बहुतेकदा आधी गाई जातात, मग मेंढ्या. शेळ्या तग धरतात आणि उंट सगळ्यांत शेवटी. त्या क्रमाला धरून मागे मागे जात राहा. त्याच्या आदल्या आठवड्यात काय ठरवलं होतं? कोणी ठरवलं? कळप कधी हलवला, कोणाच्या सांगण्यावरून? विकायचं मनात होतं तर का नाही विकलं? हा धागा हाताला लागला की ४२ पैकी ३० प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

प्रश्न ९ आणि १७ निरुपयोगी. पाहुणी लांबून आलीय, तिला वाईट कशाला वाटू द्या, म्हणून सगळे हो म्हणतात. मला ३४ पैकी ३४ घरांत हो मिळालं होतं. मी खूश होऊन अहवालात लिहिलंसुद्धा. दीड महिन्याने पाहिलं तर सेवा उघडणारे दोन क्रमांक निघाले. त्यातला एक आमच्या ड्रायव्हरचा.

आता जुलैविषयी. हे नीट वाचा. बोराना आणि गब्रा या तिथल्या पशुपालक जमाती कळपाचे दोन भाग करतात. दुभती जनावरं वस्तीजवळ राहतात, त्याला वर्रा म्हणतात. भाकड जनावरं आणि धडधाकट नर घेऊन तरुण पोरं लांब निघून जातात, तो फोरा. (माझ्या आयडीचं मूळ इथे आहे, कळलं असेल.) तिकडे पाऊस मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा दोनदा. जुलै म्हणजे लांबलचक कोरड. तुम्ही रस्त्यालगतच्या वस्तीत उतराल तेव्हा तिथे म्हातारे, बायका, पोरं आणि चार दुभत्या शेळ्या भेटतील. ज्यांनी तुमचा नकाशा वापरायचा ती माणसं तीन-चार दिवसांच्या चालीवर, जिथे फोनला रेंजही नाही.

ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला खेडं दिसतं ते डांबरी रस्त्याकडेचं, कोरड्या दिवसांतलं, आणि बहुतेक पुरुषांच्या तोंडून. शेतकऱ्यांच्या बाबतीत यामुळे भरल्या कणगीचं गाव दिसतं. उपासमारीचे दिवस असतात ऐन पावसाळ्यात, चिखलात, जेव्हा आपली गाडी जात नाही. पशुपालकांच्या बाबतीत अर्धी माणसंच दिसत नाहीत.

तारीख बदलता येत नसेल तर निदान अर्धे दिवस विहिरींवर घालवा. कोरड्या दिवसांत सगळे कळप पाण्याला तिथे येतातच. गाईगुरं दोन-तीन दिवसांआड, उंट आठवड्याहूनही जास्त काळाने. खोल विहिरींत माणसं एकाच्या डोक्यावर एक अशी उभी राहून बादल्या वर देतात, गात गात. तेव्हा मध्ये तोंड घालू नका. सगळी जनावरं पिऊन झाली, सावलीत बसली, की मग माणसंही बसतात. तो तासभर तुमचा.

अंदाजपंचे

मी हवामानवाला. वरच्यांनी माणसांचं सांगितलं, मी अंदाजाचं सांगतो.

पूर्व आफ्रिकेत १९९८ पासून मोसमाआधी हवामानखात्यांची बैठक भरते आणि तिथून तिहेरी अंदाज निघतो: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त, प्रत्येकाची शक्यता टक्क्यांत. समजा ४५, ३५, २० आले. तुमच्या नकाशावर हे एका रंगात कोंबलंत तर ४५ टक्क्यांचं 'दुष्काळ येणार' होऊन बसेल. मग पाऊस पडला की तुम्ही खोटे, आणि पुढच्या वर्षी खरोखर दडी मारली तरी कोणी विचारणार नाही. स्क्रीनऐवजी २० खडे घेऊन जा. ९, ७, ४ असे तीन ढीग करा आणि विचारा, यावर तुम्ही काय कराल? नंतर ढीग बदला: १३, ५, २. कुठल्या ढिगाला माणूस म्हणतो, आता मी चार शेळ्या विकीन? ते वळण सापडलं तर तुमच्या सहलीचा खर्च वसूल.

शेतकऱ्यांबरोबर काम असेल तर प्रश्न आणखी वेगळा पडतो. एकूण पाऊस किती याचं त्यांना फारसं कौतुक नसतं. पहिली ओल कधी, आणि पेरल्यावर मधला खंड किती दिवसांचा, हे हवं असतं. जवळच्या केंद्राचे मागच्या तीस-चाळीस वर्षांचे आकडे आलेखावर मांडून दिले तर ते स्वतःच बोट ठेवून सांगतात की या साली आम्ही दुबार पेरणी केली.

आणखी एक. बोरानांत शेळी कापल्यावर तिच्या आतड्यांवरून पुढचा मोसम सांगणारे जाणकार असतात. हसू नका, आणि 'तुमचा विश्वास आहे का' असंही विचारू नका. अंदाज चुकतो तेव्हा लोक त्या जाणत्याचं काय करतात, ते विचारा. चुकूनही ज्याचं ऐकलं जातं त्याच्याकडून शिकण्यासारखं आपल्या खात्याला बरंच आहे.

आणि हिरवा रंग! उपग्रहाला हिरवं दिसतं, चारा दिसत नाही. प्रोसोपिस, म्हणजे वेडी बाभूळ, पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागांत बेफाम पसरलीय. वरून हिरवीगार, खाली गवताचं पातं नाही. तिच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडतात ते वेगळंच.

भाकडकथा

हिरव्यावरून राहिलेलं सांगतो. जिथे खरंच गवत आहे तिथेही पाणी असेलच असं नाही, रोग नसेलच असं नाही, आणि तिथे आधीच दुसऱ्या जमातीचे लोक बंदुका घेऊन बसलेले असू शकतात. म्हणून सोमाली पशुपालक कळप हलवण्याआधी दोन पोरं पुढे पाठवतात, त्याला सहान म्हणतात. बोरानांतही तशी पद्धत आहे. तुमच्या नकाशाने या पोरांची जागा घ्यायला जाऊ नये. पोरांनी कुठल्या तीन जागा आधी बघाव्यात, एवढं सांगितलं तरी त्यांची पायपीट वाचेल. इथिओपियात एका प्रकल्पाने आधी वडीलधाऱ्यांकडून चराईच्या पारंपरिक सीमा कागदावर काढून घेतल्या आणि त्यावर दर दहा दिवसांची उपग्रहाची हिरवळ छापून वाटली. पुढे त्याचंच अ‍ॅफ्रिस्काउट नावाचं अ‍ॅप झालं. क्रम लक्षात घ्या: आधी त्यांचा नकाशा, मग आपला.

आणि मार्साबिटलाच जाताय तर पशुविम्याची गोष्ट माहीत करून जा. जानेवारी २०१० मध्ये तिथे उपग्रहाच्या हिरवळीवर चालणारा विमा सुरू झाला. कोणाचं जनावर मेलं हे बघायला कोणी येत नसे. हिरवळीवरून त्या भागात किती जनावरं मेली असतील याचं गणित करत आणि ते १५ टक्क्यांच्या वर गेलं की पैसे. हुशार कल्पना. पहिले पैसे ऑक्टोबर २०११ मध्ये मिळाले. पण मेलेल्या गाईचे पैसे घेऊन नवी गाय आणायची कुठून, सगळीकडेच तर दुष्काळ! माणसाला पैसे हवे असतात गाय अजून पायावर उभी असताना, वैरणीला आणि पाण्याच्या टँकरला. २०१५ च्या सुमारास योजना तशी फिरवली गेली: चारा घटतोय असं दिसलं की पैसे आधी. उपग्रह तोच, हिरवळ तीच. बदलला तो फक्त महिना. तुमच्या प्रश्नावलीत 'कधी' हा शब्द किती वेळा आलाय, मोजून पाहा.

तिरकस

मुळात अ‍ॅप कशाला? रेडिओ आहे. तो ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतो, चार्जिंगला तालुक्याला जावं लागत नाही आणि फोराच्या पोरांच्या गळ्यातही असतो.

आणखी खवचट बोलतो, राग मानू नका. त्या वस्त्यांत दुष्काळ पावसाचा आहे, सर्वेक्षणांचा नाही. तुमच्या आधी किमान पाच जण तेच विचारून गेले असतील. पहिल्या दिवशी हे विचारा: मागच्यांनी विचारलं त्याचं उत्तर तुम्हाला परत येऊन कोणी सांगितलं का? मग त्यांच्या तोंडाकडे बघा.

टिपकागद

राग कसला, रात्रभर झोप लागली नाही एवढंच. 'कधी' हा शब्द मोजला. एकदा आलाय, तोही 'फोन कधी घेतलात' यात.

यादी ४२ वरून सातावर आणली. पहिला प्रश्न पहिल्या मेलेल्या जनावराचा. ९ आणि १७ उडवले. नकाशाचे रंग काढून टाकलेत, कोरा कागद आणि कोळसा नेतेय, आधी त्यांच्याकडून काढून घेईन. तिकिटं बदलत नाहीत म्हणे, पण २१ पैकी १० दिवस विहिरींचे ठरले. तिरकस, तुमचा प्रश्न घेतलाय. आमच्याच संस्थेला विचारून पाहिला, मागच्या सर्वेक्षणाचं काय झालं म्हणून. एक फाइल आहे, कोणी उघडलेली नाही.

एक अडचण उरली. दुभाष्या म्हणून एक तरुण दिलाय, शहरात शिकलेला, चुणचुणीत. बायकांच्या मुलाखतींनाही तोच बसणार. चालेल?

भाकडकथा

नाही चालणार. दुधाचा हिशेब बायकांकडे असतो. दूध आटायला लागलं हे घरात सगळ्यांत आधी त्यांना कळतं, कुठल्याही उपग्रहाच्या आधी. ते त्या पोरासमोर बोलणार नाहीत, किंवा बोलतील आणि तो 'दूध कमी झालं' एवढ्या तीन शब्दांत आटोपेल. एक बाई शोधा, शिकलेली नसली तरी हरकत नाही. दुसरं, वस्ती कोणाची ते आधी विचारून घ्या. गब्रा बोराना भाषा बोलतात, तिथल्याच रेंदिले जमातीची भाषा पूर्ण वेगळी. एकच दुभाष्या दोन्हीकडे फिरवला तर निम्मे दिवस तुम्ही दुभाष्याच्या दुभाष्याशी बोलत बसाल. माझं तसं झालंय.

परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा आणि संध्याकाळी दहा मिनिटं तरी शब्दशः उलगडून घ्या. माझ्या वहीत दुभाष्याने सांगितलेलं 'अडचण' होतं, टेपवर चक्क एका बैलाचं नाव निघालं.

आणि हो, विहिरीवर जाताना पांढरी गाडी लांब उभी करून चालत जा. जनावरं बिचकतात ते आहेच, पण गाडी दिसली की लोकांना वाटतं धान्य आलं, आणि रांग लागते.