मदत हवी आहे: बाबांना गोचीड चावली, आता चट्टा आलाय. टेस्ट निगेटिव्ह, तरी लाइम (गोचीड चावल्याने होणारा जंतूंचा आजार) असू शकतो का?

परसदार:
मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीच्या वायव्य टोकाला राहतो. घरामागे जुना दगडी बांध आहे आणि तो ओलांडला की रानच. आईबाबा एप्रिलपासून इथे आलेत. बाबा ६९ वर्षांचे, सांगलीकडचे शेतकरी, हातावर हात ठेवून बसणं त्यांना ठाऊक नाही. दीड आठवड्यापूर्वी, शनिवारी सकाळी त्यांनी बांधालगतचा कुजलेला पाचोळा हातांनी उपसून काढला. अंगावर हाफ पँट, पायात चपला.

सोमवारी अंघोळ करताना गुडघ्याच्या मागच्या खळग्यात बोटाला काहीतरी लागलं. तीळ असेल म्हणाले, पण तीळ काल नव्हता. आईने चष्मा लावून पाहिलं तर खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड, पाय हलवत होती. आईने वर खोबरेल थापलं, ती सुटेना. मग बाबांनी नखांनी उपटली, दोन नखांत चिरडली आणि पाण्याबरोबर सोडून दिली. मला हे गुरुवारी रात्री जेवताना सांगितलं, तेही गंमत म्हणून. "अगं, म्हशींच्या गोचिडी काढत मोठे झालो आम्ही, हे तर पिल्लू होतं."

काल त्याच जागी तळहाताएवढा चट्टा दिसला. खाज नाही, दुखत नाही. इंटरनेटवरचे सगळे फोटो गोऱ्या कातडीवरचे: लालभडक गोल, मध्ये पांढरं, बाहेर पुन्हा लाल कडं. बाबांचा रंग उन्हात रापलेला. त्यांचा चट्टा जांभळाचा डाग पुसून उरावा तसा, कडं वगैरे काही नाही. अर्जंट केअरला नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघून किडा चावल्याची ॲलर्जी सांगितली आणि क्रीम दिलं. मी हट्ट धरला म्हणून रक्त घेतलं, आज रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाबा खूश. पण दुपारपासून त्यांचं अंग मोडून आलंय आणि ताप १०० च्या आसपास आहे.

पुढच्या गुरुवारी त्यांचं नेवार्क-मुंबई विमान आहे. प्रश्न असे: निगेटिव्ह आलंय तर सोडून द्यायचं का? ७२ तासांत एकच गोळी घेतात असं वाचलं, ती वेळ गेली का? आणि मिरजेला जाऊन दाखवलं तर चालेल का?

कनेक्टिकटकर:
थांबू नका, उद्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या. मी डॉक्टर नाही, नर्स आहे, पण जून महिना उजाडला की आमच्या दवाखान्यात रोज हेच असतं.

आधी रिपोर्टचं. ही टेस्ट जंतू शोधत नाही, आपल्या शरीराने जंतूंविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधते. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा नुकताच आलाय तेव्हा टेस्ट निगेटिव्ह येणं अगदी नेहमीचं, त्याचा अर्थ 'लाइम नाही' असा होत नाही. लाइमच्या भागात राहणाऱ्या माणसाला असा चट्टा आला तर डॉक्टर तो बघूनच उपचार सुरू करतात.

आता ॲलर्जी. गोचीड निघाल्यावर एकदोन दिवसांत रुपयाएवढी लाली येते आणि जाते, ती ॲलर्जी. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उगवतो, दिवसागणिक पसरतो, पाच सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि बहुधा खाजत नाही. तुमच्या बाबांचा आठव्या-नवव्या दिवशी आलाय. आणि ते निशाणावरच्या वर्तुळासारखं कडं अनेकांना येतच नाही. सावळ्या कातडीवर तर लाली लालीसारखी दिसतच नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसते आणि भले भले डॉक्टर चुकतात. म्हणून आत्ता पेनाने चट्ट्याच्या कडेने रेघ मारा, शेजारी नाणं ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा. उद्या सकाळी चट्टा रेघेबाहेर गेला असेल तर तो फोटो डॉक्टरांपुढे धरा, शंभर वाक्यांचं काम करेल.

एका गोळीचा उपाय गोचीड निघाल्यापासून ७२ तासांतच आणि तोही लक्षणं नसताना. ती वेळ गेली. आता पूर्ण कोर्स लागेल, बहुतेक डॉक्सिसायक्लिन, १० ते १४ दिवस. त्यामुळे मिरजेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, छातीत धडधडलं, चक्कर आली किंवा मान आखडली तर थेट इमर्जन्सी.

लाइम नावाचं गाव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. १९७५ साली तिथल्या दोन आयांनी आरोग्य खात्याला कळवलं, की आमच्या आसपासच्या इतक्या मुलांचे सांधे एकदम कसे सुजतात? त्यातल्या एकीला आधी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं उडवून लावलं होतं. तेव्हा तुम्ही हट्ट धरलात म्हणून अजिबात लाजू नका.

शंकेखोर:
इंटरनेटवर विचारून अँटिबायोटिक सुरू करणं योग्य नाही. शिवाय लाइम हरणांमुळे होतो ना? यांच्याकडे हरणं येतात असं लिहिलेलं नाही.

कनेक्टिकटकर:
गोळ्या डॉक्टरच देतील, मी फक्त दार दाखवलं. हरणं म्हणाल तर मोठ्या गोचिडी हरणांवर पोसतात, पण जंतू त्यांना मिळतात ते मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून, लहानपणी. हे उंदीर कुठे राहतात? दगडी बांधात आणि पाचोळ्यात. बाबांनी नेमका त्यांच्या घरात हात घातला. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे ४८ तास. गोचीड साधारण २४ तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका फारच कमी. इथे ती वेळ टळून गेली होती.

आणि खोबरेल, व्हॅसलीन, काडीचा चटका यांतलं काही करू नका. बारीक टोकाचा चिमटा, कातडीला लागून पकड, सरळ वर ओढा. पिळायचं नाही, नखांत चिरडायचं तर मुळीच नाही. मग चिकटपट्टीने कागदावर डकवून तारीख लिहा.

दोडामार्गी:
धागा वाचून काटा आला. आमच्याकडे गोचीड म्हटली की माकडताप. काजूच्या दिवसांत बागेत गेलेली माणसं तापाने पडतात, रानात माकड मेलेलं दिसलं की गाव सावध होतं. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली शिमोग्याकडच्या कॅसनूर जंगलात सापडला. पण तो विषाणू, त्याला डॉक्सी चालत नाही, आणि गोचीडही वेगळी. परसदारताई, म्हणूनच सांगतो: इथे आल्यावर बाबांना पुन्हा ताप आला तर डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाच तपासणार, लाइम त्यांच्या डोक्यात येणार नाही. चट्ट्याचे फोटो, रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी सगळं छापून बाबांच्या पिशवीत द्या. मोबाइलमध्ये नको, बाबालोकांना मोबाइलमधलं वेळेवर सापडत नाही.

परसदार:
अपडेट. दुसऱ्या दिवशी सकाळी चट्टा रेघेच्या दीड बोट बाहेर! दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फोटो बघितला, गुडघ्यामागे टॉर्च मारला आणि म्हणाल्या, टेस्टची गरजच नव्हती. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जायचं नाही आणि गोळीच्या वेळेला दूध नाही. बाबांना बाकी सगळं पटलं, दुधाचं सोडून. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चट्टा फिका पडायला लागलाय. उरलेल्या गोळ्या विमानात हातातल्या बॅगेत. कागद छापून आईकडे दिलेत, बाबांकडे नाही.

काल बाबांनी स्वतःहून मोजे पँटवर चढवले, बांधाकडे न जाता अंगणात सावलीत फिरले, आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाकले. आता त्यांना पर्मेथ्रिनचा (गोचिडी मारणाऱ्या कीटकनाशकाचा) फवारा हवाय, लेंग्यावर मारायला. घरात मांजर आहे. चालेल का?

कनेक्टिकटकर:
कपड्यांवरचा ०.५ टक्क्यांचाच घ्या. अंगावर मारायचा नाही, फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, तोही घराबाहेर. लेंगा पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ फिरकू देऊ नका, ओलं पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असतं. आणि मांजर बाहेर जात असेल तर रोज तिच्या कानामागेही बघा.

परसदार:
जाते. बघते लगेच.