लंडन, मोजक्या पैशांत: तुमचे अनुभव सांगा

मुलं शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडात गेली की आईवडिलांची एक फेरी होतेच. एका पाउंडाला शंभराच्या वर रुपये मोजताना मात्र जीव खालीवर होतो, आणि मग बरेच जण लंडन बसच्या खिडकीतून बघून परततात. मला हे मनापासून खटकतं. लंडन महाग आहे ते राहायला आणि हिंडायला. बघायला फारसं महाग नाही. ज्यांनी हात आखडता ठेवून हे शहर पाहिलंय त्यांनी इथे लिहा. नुसतं ‘स्वस्तात झालं’ नको. कुठे उतरलात, कशाने फिरलात, काय खाल्लंत, सगळं सांगा.

सुरुवात मी करते. आम्ही मध्यवस्तीत न राहता लांबच्या भागात खोली घेतली. अट एकच ठेवली, दाराजवळून थेट बस हवी. बसचं भाडं अंतरावर नसतं. आम्ही होतो तेव्हा ते पावणेदोन पाउंड होतं आणि बसमधल्या यंत्राला पहिल्यांदा बँकेचं किंवा प्रवासाचं कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे कापले जात नव्हते. दिवसाच्या खर्चालाही कमाल मर्यादा असते, त्यापुढचा प्रवास फुकट. पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर नवराबायको दोघांना जाता येत नाही. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. 24 नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. कॅमडन, ट्रॅफल्गार चौक, व्हाइटहॉल, पार्लमेंट, सगळं समोरून जातं. पर्यटकांच्या उघड्या बसला कितीतरी पट जास्त पैसे पडतात आणि दिसतं बरंचसं हेच.

*

नागपूरहून, निवृत्त शिक्षक

ताई, तुमच्या यादीत एक पत्ता जोडतो: 10, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून चालत गेलो. 1921-22 मध्ये बाबासाहेब या घरात राहत. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेतलं. आत जायला पैसे लागत नाहीत. त्यांची खोली, पुस्तकं, छायाचित्रं पाहताना माझी पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. अर्धपोटी राहून, पैसा पैसा वाचवून त्यांनी इथे अभ्यास केला. आपण काटकसर करतो ती सहलीपुरती. त्यांनी ती पदवीसाठी केली. तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. टेकडीवरून अर्धं लंडन दिसतं, तेही विनातिकीट.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम. 1759 पासून लोकांसाठी खुलं आणि कायम प्रदर्शनाला तिकीट नाही. मधल्या काचेच्या छताच्या चौकात जी गोल इमारत आहे ते जुनं वाचनालय. बाबासाहेब दिवसभर बसत ते इथेच. अमरावतीची शिल्पंही न चुकता बघा (विदर्भातली नव्हे, आंध्रातली). एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका. पैसे लागत नाहीत तर रोज दोन तास जा, पाय दुखायच्या आत बाहेर या.

लोकमान्य पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेले तेव्हा 1918-19 मध्ये 10, हाउली प्लेस इथे राहिले. वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनजवळ. घरावर निळी पाटी आहे. हायगेटला 65, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू म्हणजे जुनं इंडिया हाउस, तिथे सावरकरांची पाटी. दोन्ही घरं बाहेरूनच बघायची. मराठी माणसाला लंडनमध्ये एवढं चालायला मिळतं, आणखी काय हवं?

*

ठाण्याहून, दोन मुलांची आई

अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत असतील तर ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) आणि बसमध्ये फुकट. मोठा तेरा वर्षांचा होता. त्याच्यासाठी ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावून घेतली, निम्मं भाडं पडलं. ही सवलत कुणी आपणहून सांगत नाही, मागावी लागते.

हीथ्रो विमानतळाहून ट्यूबच्या पिकॅडिली लाइनने आलो. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते, ट्यूबला तास लागतो, पण एक्सप्रेसच्या ऐनवेळच्या तिकिटाच्या चौथाईही पैसे लागत नाहीत.

मुलांना सर्वांत आवडलं ग्रीनिच. थेम्सच्या खालून चालत जायचा बोगदा आहे, 1902 सालचा. आयलंड गार्डन्सला उतरायचं आणि नदीखालून पलीकडे! वेधशाळेच्या अंगणात शून्य अंश रेखावृत्तावर उभं राहायला तिकीट आहे, पण तीच रेषा बाहेरच्या भिंतीवरही आखलेली आहे. छतावरचा लाल गोळा दुपारी एक वाजता खाली पडतो तो बागेतून दिसतो. धाकटा ते बघून नुसता उड्या मारत होता.

*

पुणे, सध्या लीड्स

खाण्याचं मी सांगतो. सुपरमार्केटमधलं ‘मील डील’ म्हणजे सँडविच, काहीतरी चटकमटक आणि पेय, चारेक पाउंडांत दुपार भागते. संध्याकाळी पिवळं लेबल लावलेल्या वस्तू शोधा, त्याच दिवशी संपवायच्या म्हणून किंमत उतरवलेली असते. गरम जेवायचं तर युस्टनमागची ड्रमंड स्ट्रीट, भेळ-डोशांची शाकाहारी हॉटेलं आहेत. साउथॉलला हॅवलॉक रोडच्या गुरुद्वारात लंगर सगळ्यांना खुला असतो. जमेल तशी सेवा करून या, भांडी घासायला कुणी नाही म्हणत नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

घरून भाजणी, मेतकूट, चटण्या न्या. पेढे, खव्याची बर्फी नको. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे.

उन्हाळ्यात विद्यार्थी सुटीवर गेले की विद्यापीठांची वसतिगृहं पाहुण्यांना खोल्या देतात, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचीसुद्धा. काही ठिकाणी स्वयंपाकघर वापरता येतं, म्हणजे खिचडीची सोय झालीच.

*

कोल्हापूरहून, हौशी नाट्यकर्मी

थेम्सकाठी शेक्सपिअर्स ग्लोब हे नाट्यगृह आहे. समोरच्या अंगणात उभं राहून नाटक बघायची तिकिटं पाच पाउंडांपासून होती. डोक्यावर छप्पर नाही, छत्री उघडायला बंदी, खाली बसायचं नाही. तीन तास उभं राहिलो, मधे पाऊस झाला, आणि नट हाताच्या अंतरावर! बसायच्या महाग जागांपेक्षा मला हीच आवडली. रेनकोट न्या आणि तिकीट आधी काढून ठेवा.

*

गोव्याहून

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चचं तिकीट तीस पाउंडांच्या घरात जातं. पण संध्याकाळच्या ‘ईव्हनसाँग’ प्रार्थनेला कुणीही विनामूल्य बसू शकतं. फोटो काढायचे नाहीत, इकडेतिकडे फिरायचं नाही, शांत बसायचं. वृंदगान त्या दगडी कमानींखाली घुमतं तेव्हा आपण नेमके कशासाठी आलो होतो ते कळतं. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्येही अशीच सोय आहे. वेळ आदल्या दिवशी बघून घ्या आणि अर्धा तास आधी रांगेत उभे राहा.