‘किएलिकुम्मी’ला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई: एका शब्दापाशी अडले आहे. मी फिनलंडमध्ये तांपेरेला राहते. विद्यापीठात परदेशातून आलेल्या मुलांना रोजच्या व्यवहारात फिनिश बोलायची सवय लागावी म्हणून काही जण हौसेने त्यांच्या जोडीला असतात, त्यांतली मी एक. शिकवणं आमचं काम नाही. पंधरा विभक्ती वर्गात होतात. आम्ही दुकानात, बसमध्ये, ग्रंथालयात बरोबर जायचं आणि मूल अडखळलं तरी तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात अवघड, कारण काउंटरवरचा माणूस दुसऱ्याच वाक्याला दया येऊन इंग्रजीत शिरतो.

अशा माणसाला इथे ‘किएलिकुम्मी’ म्हणतात. किएलि म्हणजे भाषा (जीभही तीच), कुम्मी म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाच्या पाठीशी उभं राहणारं माणूस. ऑगस्टमध्ये येणाऱ्या मराठी मुलांसाठी एक पान लिहिते आहे. ‘भाषा-मार्गदर्शक’ लिहिलं आणि पीएचडीचे गाइड डोळ्यांपुढे आले. खोडलं. सुचवा.

कट्टेकरी: मेंटॉर लिहा की. मुलांना कळतं.

पाटीपेन्सिल: कळतं म्हणून तेच लिहायचं, तर पान मराठीत कशाला? फिनिश लोक कॉम्प्युटरला ‘तिएतोकोने’ म्हणतात, म्हणजे ज्ञानयंत्र. टेलिफोनला ‘पुहेलिन’, बोलण्याच्या क्रियापदावरून. आपणही सावरकरांचा महापौर पचवलाच ना? ‘भाषासांगाती’ घ्या. सांगाती अभंगातला शब्द आहे, हात धरून चालवणारा.

कट्टेकरी: त्याच फिनिश लोकांनी शाळेचा ‘कोउलु’ आणि रस्त्याचा ‘कातु’ स्वीडिशमधून उचललाय. बँकेला ‘पांक्की’ म्हणतात. सोयीची तेवढी उदाहरणं काढू नका. आणि सांगाती म्हटलं की मला पालखी दिसते, किराणा दुकान नाही.

मुरांबा: माझी भाची औलूला शिकते. पहिल्या आठवड्यात तिला एकच शब्द यायचा, ‘योओ’, म्हणजे हो. दुकानात विचारलं, “ओतात्को कुइतिन?” पावती हवी का? योओ. खोलीत पावत्यांचा ढीग. एकदा विचारलं, “तुलेएको मुउता?” अजून काही? हिचं योओ. मग ती बाई थांबली, मागची रांग थांबली, आणि ही पण थांबली. कुणी काही बोलेना. तिच्या जोडीला एक आजी आहेत, त्या मागे उभ्या राहून हसत होत्या म्हणे. भाची त्यांना मावशी म्हणते. मग ‘भाषामावशी’ का नको? मावशी हा शब्द मातृष्वसा, प्राकृतात माउस्सिआ असा आलाय, म्हणजे आईची बहीण. मातृभाषेच्या शेजारची भाषा शिकवणारी ती मावशी. चपखल!

पाटीपेन्सिल: आणि पुरुष असेल तर? भाषामावसा?

मुरांबा: काका म्हणा. भांडताय कशाला.

रानजाई: मावशी आवडलं, पण आमच्यात बावीस वर्षांचे मुलगेही आहेत. शिवाय इथे प्राध्यापकालाही नावाने आणि ‘सिनॅ’ म्हणजे तू म्हणून हाक मारतात. मराठी मुलांची जीभ तिथेच अडते, त्यांना सर-मॅडमशिवाय वाक्य सुरू करता येत नाही. मावशी म्हटलं की तो अहोजाहोचा पदर पुन्हा हातात येईल. वाईट की चांगलं, ठरत नाही.

घाटवाट: मूळ प्रश्न जाऊ द्या. रानजाई, तुम्ही ‘तांपेरेला’ लिहिलंत. फिनिशमध्ये ‘तांपेरेएल्ला’, म्हणजे ‘तांपेरेवर’ म्हणतात ना?

रानजाई: हो! आणि हेल्सिंकीला मात्र ‘हेल्सिंगिस्सॅ’, आत. तांपेरेत राहायचं नाही, तांपेरेवर राहायचं. मुलं महिनाभर चुकतात. पण मराठी मुलांना एक सांगितलं की पटतं: आपण पुण्यात राहतो, पण देशावर आणि घाटावर राहतो. वर्गात कुणी हे सांगत नाही, बसस्टॉपवर सुचतं. तसंच सामान्यरूपाचं. पाणी, पाण्यात, वेसि, वेदेस्सॅ. शब्दाचं अंग प्रत्ययापुढे बदलतं ही गोष्ट आपल्याला नवी नाही, बाकीच्यांचा जीव जातो.

घाटवाट: मग उघड आहे. तांपेरे दोन तळ्यांमधल्या धबधब्यावर वसलंय, म्हणून ‘वर’. पाण्याकाठची गावं सगळी वर.

मुरांबा: औलू नदीच्या मुखावर आहे. तरी ‘औलुस्सा’, आत. झालं?

घाटवाट: अपवाद.

कट्टेकरी: नियम सुचून दोन मिनिटं झाली नाहीत, अपवाद आलाच.

पाटीपेन्सिल: घाटावरचा ‘वर’ उंचीचा. देशावरचा ‘वर’ कोकणातून बघणाऱ्याचा, कारण खालून पाहिलं की देश वर. तांपेरेचा ‘वर’ कुठून बघणाऱ्याचा ते शोधा, निव्वळ पाण्यावर विसंबू नका.

निशिगंध: उशिरा आले. रानजाई, तुमच्या पानात ‘याक्सा’ असेल तर त्याला काय लिहिणार? “एन याक्सा” म्हणजे आता त्राण नाही, झेपत नाही. आणि “एन वीत्सि” म्हणजे त्राण आहे, पण जिवावर येतं. इंग्रजीतून शिकताना मला दोन्ही एकच वाटायचे. मराठीत ‘जिवावर येतं’ सापडलं आणि डोक्यात दिवा लागला.

रानजाई: हे पानावर घेते. ‘जिवावर येतं’ जसंच्या तसं. पण वरचा शब्द? पान उद्या द्यायचंय.

कट्टेकरी: मेंटॉर.

घाटवाट: ओळी पुन्हा वाचल्या. हेल्सिंकीशेजारचं वांताआ शहर घ्या, तिथेही ‘वांताआल्ला’, म्हणजे ‘वर’. वांताआ हे नदीचंच नाव. म्हणजे माझं अगदीच चूक नव्हतं.