‘सीझन’ला पर्व म्हणावे की हंगाम?

प्रश्न : वेबमालिकांवर लिहिताना मी ‘सीझन’साठी कधी ‘पर्व’ लिहितो, कधी ‘हंगाम’. दोन्ही शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत. अमेरिकेत दूरचित्रवाणीचे वर्ष साधारणपणे सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपत असे आणि त्या मुदतीत दाखवलेल्या भागांना मिळून ‘सीझन’ म्हणत. म्हणजे हा शब्द मुळात कथेचा नव्हे, तर प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाचा. (ब्रिटनमध्ये त्यालाच ‘सिरीज’ म्हणतात, तो घोळ निराळा.) या अर्थाने ‘हंगाम’ चपखल आहे आणि मराठी करमणुकीला तो परकाही नाही. तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात, गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात त्यांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी तेथे येऊन जत्रेसाठी सुपारी देतात आणि जत्रा आटोपल्या की फड घरी परततात. या सबंध काळाला ‘तमाशाचा हंगाम’ म्हणण्याची रीत जुनी आहे.

वेबमालिकेपाशी मात्र हा शब्द अडखळतो. नेटफ्लिक्सने 2013 च्या फेब्रुवारीत ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे पहिले तेरा भाग एकाच दिवशी खुले केले आणि ही प्रथा पुढे बरीच रुजली. शनिवार-रविवारात पाहून हातावेगळ्या होणाऱ्या गोष्टीला हंगाम कसला? संस्कृतात ‘पर्वन्’ म्हणजे सांधा, पेर. महाभारताची अठरा पर्वे याच अर्थाने पर्वे आहेत. हंगामात काळ मोजला जातो, पर्वात कथेचा खंड. म्हणून वेबमालिकेला ‘पर्व’ लिहावे, असे माझे मत आहे.

शंका : ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व 2016 चे आणि दुसरे 2019 चे, पण दुसऱ्यातील घटना पहिल्याच्या आधी घडतात. मग त्याला ‘दुसरे’ पर्व म्हणणे कितपत योग्य?

उत्तर : योग्यच आहे, कारण पर्वांचा क्रम सांगण्याचा असतो, घडण्याचा असेलच असे नाही. महाभारताचे आदिपर्वसुद्धा जनमेजयाच्या सर्पसत्राच्या निमित्ताने मागच्या पिढ्यांकडे वळते. मला खटकतात ते वाहिन्यांचे स्पर्धात्मक कार्यक्रम. ‘बिग बॉस मराठी’ 2018 साली सुरू झाले; त्यात दर खेपेस स्पर्धक नवे आणि विजेताही नवा, मागच्या खेपेशी कथेचा सांधा कुठेच जुळत नाही, तरी जाहिरातीत येते ते ‘नवे पर्व’च. तेथे ‘हंगाम’ लिहावा, जसा आपण आयपीएलचा लिहितो. वाहिन्यांना ‘पर्व’ भारदस्त वाटते, हे उघड आहे. शिवाय ‘नव्या पर्वाला प्रारंभ’ या ठरीव मथळ्यातला युगारंभाचा अर्थही त्यांना आयता मिळतो.

लिंगाकडेही लक्ष असावे : दुसरे पर्व, पण दुसरा हंगाम. ‘ऋतू दुसरा’ असे यंत्राने केलेले भाषांतर काही ठिकाणी दिसते. तेथे सरळ ‘सीझन’ ठेवलेला बरा.